पूजेत बसलेली सतार

परवा खंडेनवमीला धारवाडच्या सुभाष रोडवर खणाचं कापड घ्यायला गेले होते. दुकानदारानं पाच-सहा तागे उलगडून माझ्यापुढे नुसता रंगांचा ढीग घातला. त्यातला अंजिरी मी ओढून काढला, काठ चिमटीत धरून पाहिला, भाव पाडला आणि म्हटलं, "फाड रे सव्वा वार." तर तो हात जोडून हसायलाच लागला.

"अज्जी, कत्री पूजेला बसलीय. आज नाही कापता येत. नाळे बर्री, उद्या या."

वळून बघते तर खरंच. कोपऱ्यात पाटावर कात्री, कापड मोजायचा लोखंडी गज, शाईचं पेन, सगळं ओळीनं मांडलेलं. त्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूच्या पाकळ्या.

"मग दुकान कशाला उघडून बसलायस?"

"लोकांना नाही म्हणायला कुणीतरी बसायला पाहिजे की!"

मीही हसले. पण पायऱ्या उतरताना लक्षात आलं, माझा अंगठा डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक चाचपतोय. तारेनं पडलेली खाच तिथं एके काळी होती. ती बुजून पन्नास वर्षं झाली असतील. अंगठ्याला ते अजून कुणी कळवलेलं नाही.

ते दुकान आहे तिथंच आमचं घर होतं. रस्त्याला तेव्हा हे नाव नव्हतं, बाजारचा रस्ता एवढंच म्हणायचे. खाली आप्पांची वकिली आणि वर माडीवर माझी सतार. खाली जुन्या पुस्तकांचा कुबट वास, शेजारच्या दुकानातून येणारा गुळाच्या ढेपांचा वास, आणि जिना चढत गेलं की खोबरेलाचा. सतारमास्तर एका डबीत तेलात भिजवलेला कापूस ठेवायचे. बोट तारेवर सरकावं म्हणून मधून मधून त्याला टेकवायचं. माझ्या लेखी संगीताचा वास म्हणजे खोबरेल. अजून कुणी वेणी घालायला बसलं की मला उगाच वाटतं, आता आलाप सुरू होणार.

मास्तर मंगळवारी यायचे, आणि शुक्रवारी नमाज आटोपून. कोपरांवर चकाकणारा काळा कोट, विटकरी टोपी, आणि सतार गवसणीत घालून अशी छातीशी धरलेली, जशी झोपलेली पोर उचलून आणलीय. मी तेरा वर्षांची होते, तरी ते मला अक्का म्हणायचे.

"घाई नको करू अक्का. मींड म्हणजे सासरी निघालेली पोर. हळू निघते, मागं बघत बघत निघते. तू तर तिला ढकलून गाडीत बसवतेस."

आणि अक्का? अक्काचा एक कान खाली रस्त्यावर, चुरमुरेवाला आला का याकडे. मला सगळं यायचं बरं का. पाय दुमडून बसणं यायचं, वेणी पुढं घेऊन मान कलती करणं यायचं, नखी बोटात चढवताना जरासा सुस्कारा टाकणं तर फारच छान यायचं. फक्त वाजवणं तेवढं राहिलं होतं. पण "वकिलांची मुलगी सतार वाजवते" असं गावात बोललं जायचं. ज्यांनी ऐकली नव्हती ते जास्त खात्रीनं बोलायचे.

त्या वर्षी श्रावणापासून झड लागलेली. भोपळा दमट होतो म्हणून मास्तर सतारीला ऊब द्यायला सांगायचे. मी शेगडीजवळ सतार ठेवायची आणि मी पण तिच्याजवळ बसायचं, भाजलेले शेंगदाणे खात. दोन महिने रियाजाच्या नावाखाली शेंगदाण्यांची टरफलं साठली. भाद्रपद सरला, ऊन पडलं, शेवंती बाजारात आली, आणि आप्पांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं की आपल्या घरी मास्तरांची मैफल करायची.

दक्षिणेकडच्या एका लहानशा संस्थानाचे कारभारी आप्पांच्या ओळखीचे होते. दरबारातली सतारियाची जागा रिकामी होती. कारभारी दौऱ्यावरून परतताना धारवाडला एक संध्याकाळ थांबणार आणि दसऱ्याला दरबारात हजर राहायचं म्हणून सकाळच्या गाडीनं निघून जाणार. ती संध्याकाळ होती नवमीची.

आप्पांनी मास्तरांना सांगितलं तेव्हा मी तिथं होते. मास्तर बराच वेळ गवसणीची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, माझं आयुष्य पोरींना दा रा, दा रा शिकवण्यात गेलं. लोक गत सुरू होईपर्यंत थांबतात, मग चहा येतो. एकदा कुणी पुरतं ऐकू दे मला. ऐकून मग नको म्हटलं तरी चालेल."

मला ते वाक्य त्या वेळी जरा नाटकी वाटलं होतं. नाटकीपणा ओळखण्यात मी वाकबगार, स्वतःचा सोडून.

पण खरा घोळ त्यापुढं होता. राजेसाहेबांच्या मुलींनाही शिकवायचं होतं, म्हणून मास्तर शिष्य कसे तयार करतात ते कारभारी आधी बघणार होते. शिष्य म्हणजे मी. भूपाची एक गत, दहा मिनिटं.

मी लगेच म्हटलं, "पण आप्पा, नवमीला माझी सतार पूजेत असते!"

आमच्याकडे त्या दिवशी कामाची सगळी हत्यारं देवापुढे बसायची. आप्पांचे कायद्याचे ग्रंथ, दऊत-टाक, विळी, अडकित्ता, माझी सतार. एकदा का हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अडकित्ता बसलेला म्हणून आप्पा त्या दिवशी सुपारी दाढेनं फोडायचे आणि आजीला ऐकू जाईल असे कण्हायचे.

"असू दे की पूजेत," आप्पा म्हणाले. "तू मास्तरांच्या सतारीवर वाजव. ती बाहेरची, ती काही आपल्या पूजेत नाही."

आजीनंही मान डोलावली. वाट बंद.

नवमीला सकाळी लवकरच मास्तर आले. नव्या तारा चढवल्या आणि तासभर नुसते खुंट्या पिळत बसले. एक तार छेडायची, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे, पुन्हा जरासं पिळायचं. खाली पुरणाच्या होळिग्या लाटल्या जात होत्या, तव्यावरच्या तुपाचा वास जिन्यानं वर येत होता, आणि त्या वासात तो एकच षड्ज पुन्हा पुन्हा, दर खेपेला आधीपेक्षा स्वच्छ. शेवटी त्यांनी तरफांच्या सगळ्या बारीक तारांवरून एकदाच नखी ओढली. माडीभर चांदीची भांडी कुणी हलकेच हलवावीत तसं झालं.

"नव्या तारा आहेत, बसू देत दिवसभर," ते म्हणाले. "मी हजामत करून, परटाकडून कोट घेऊन येतो. अक्का, हिच्याकडे बघ हं जरा."

मी बघितलं. चांगलंच बघितलं. आप्पा पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर गेले होते. आजी पूजेची तयारी करून स्वयंपाकघरात वळली होती. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली, तिच्यापुढे ग्रंथ, विळी, आणि माझी सतार. मी मास्तरांची सतार उचलून खाली आणली आणि माझ्या सतारीच्या शेजारी टेकवून ठेवली. इतकी अक्कल मी भूपात लावली असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

आजी पदराला हात पुसत आली आणि थबकली. "ही मास्तरांची नव्हे? ही इथं कशाला?"

"मास्तरच म्हणाले, पूजेत ठेव म्हणून. संध्याकाळी दुसरी आणणार आहेत ते."

"खरंच म्हणाले?"

"शप्पथ."

खोटं बोलायला मला अजिबात रियाज लागला नाही. आजीनं त्या सतारीकडे थोडा वेळ पाहिलं. "गुणी माणूस आहे हो," म्हणाली, आणि आधी तिच्याच भोपळ्याला कुंकू लावलं. मग खुंटीत एक पांढरी शेवंती खोचली. मी बाजूला उभी राहून घंटा वाजवली.

संध्याकाळी माडी अशी सजली होती की मी जिन्यातच दोनदा खाली-वर केलं, नुसता वास घ्यायला. जाजमाला धुतल्याचा, लोडांच्या अभ्र्यांना वाळ्याचा, तबकात पेढे आणि विडे, कोपऱ्यात समई. दहा-बारा माणसं होती. वकील, एक डॉक्टर, कॉलेजातले दोघे. कारभारी पगडी मांडीवर ठेवून लोडाला टेकलेले. मास्तर आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. कोट कडक इस्त्रीचा, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, हनुवटीवर वस्तरा लागून तुरटी फिरवलेली. नखी आधीच बोटात चढवली होती. सगळ्यांना सलाम करून ते हसत सकाळी सतार ठेवलेल्या कोपऱ्याकडे वळले, आणि तो कोपरा रिकामा होता.

पुढचं मला अजूनही आवाजांनीच आठवतं. जिन्यावर आप्पांची पावलं, मग मास्तरांची, जपून पडणारी. मास्तर देवघराच्या उंबऱ्याशी थांबले. सात वर्षांत त्यांनी तो उंबरा कधी ओलांडला नव्हता, आणि त्यांना ओलांडा असं आम्ही कुणी कधी म्हटलंही नव्हतं. आत समईच्या उजेडात दोन सतारी शेजारी शेजारी, कुंकू लावून.

"आई, हे काय केलंस?" आप्पा जवळजवळ ओरडलेच.

"मी कशाला काय करू? मास्तर, तुम्हीच सांगितलंत ना अक्काला, पूजेत ठेव म्हणून? दुसरी आणणार होतात ना?"

मी खांबाआड होते. खांब बारीक होता आणि होळिग्या खाऊन मी जाड झाले होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही पाहिलं. नवीन गत ऐकताना बघायचे तसं पाहिलं, पुढचा सूर कुठला येतो याची वाट बघत.

पुढचा सूर आला नाही.

"होय अम्मा," ते म्हणाले. "मीच सांगितलं. दुसरी मिळाली नाही."

आजी काही साधी बाई नव्हती. तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा सतारीकडे पाहिलं. "मास्तर, चुकून ठेवली गेली असेल तर तसं सांगा. मी माझ्या हातानं उचलून देते. दोष लागायचा तो मला लागू दे. एवढे लोक वर बसलेत."

बाई गं, केवढं दार उघडलं होतं तिनं! "आजी, मी ठेवली." तीन शब्द. भूपापेक्षा दोन स्वर कमी. मी पदरच नव्हता म्हणून परकराचा काठ तोंडात धरला आणि चावत राहिले.

"नको अम्मा," मास्तर म्हणाले. "बसलेल्याला उठवायचं नाही."

आप्पांनी माणसं पिटाळली. वाद्यांच्या दुकानाला झेंडूची माळ आणि कुलूप. डॉक्टरांच्या घरचा दिलरुबा पूजेत. कॉलेजातल्या एकाची सतार पूजेत. त्या संध्याकाळी धारवाडातली एकूण एक तार देवापुढे बसलेली होती. वर कारभाऱ्यांनी पेढा खाल्ला, कॉफी घेतली, कापसाच्या पिकाबद्दल बोलले. मग छडी उचलून उभे राहिले आणि हसून म्हणाले, "कलावंत मंडळी अशीच. मैफलीच्या दिवशी वाद्य तेवढं विसरतात. चालायचंच." टांग्याच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत गेला.

मास्तर दाराशी उभे होते. नखी बोटातच होती. ती काढायला त्यांना बराच वेळ लागला, जशी ती रुतून बसली होती.

पुढच्या मंगळवारी ते वेळेवर आले. "हं अक्का, भूप." मी वाजवला. त्या दिवसापासून मी खरोखर रियाज करायला लागले. चोर पहाऱ्यावर बसावा तसा. दिवाळीच्या आत संस्थानातली जागा भरली. घरात कुणी कधी तो विषय काढला नाही. फक्त पुढच्या नवमीच्या आदल्या दिवशी मास्तर शिकवणी संपवून आपली सतार गवसणीत घालायला लागले, आणि आजी म्हणाली, "का हो, या वर्षी नाही ठेवायची?" तेव्हा मी बादली घेऊन विहिरीकडे गेले, पाणी भरलेलं असताना.

लग्न होऊन मी हुबळीला आले. नवरा शाळामास्तर, घर दोन खोल्यांचं, पुढं लहानशी पडवी. लढाईचे दिवस होते. साखर मिळायची नाही, रॉकेल मिळायचं नाही. त्या टंचाईत माझ्या मनात आलं की आपण घरी मैफल करायची, मास्तरांना बोलवायचं, आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकायचं. मोकळं व्हायचं. बघा, तेव्हाही मला मोकळं व्हायलासुद्धा प्रेक्षक लागत होते.

"मैफल?" नवरा म्हणाला. "बसवणार कुठं लोकांना? माझ्या डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावर आधीच मी आहे. पडवीत बसतील."

मी शेजारच्या चार घरांतून जाजमं आणली, गुळाची कॉफी केली, परातभर चुरमुऱ्यांचं गिरमिट कालवलं. कांदा, कोथिंबीर आणि तिखटाच्या वासानं पडवी भरून गेली. वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली. मास्तर दुपारच्याच गाडीनं आले. केस पांढरे, कोट तोच, सतार तशीच छातीशी धरलेली. डाव्या हाताचं मधलं बोट आखडलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं नाही. मीच कॉफीची वाटी देताना पाहिलं.

मी मनाशी तीन वाक्यं पाठ केली होती. पण मी उठायच्या आत मास्तरच बोलायला लागले.

"या घरची मालकीण माझी शागीर्द," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "आता हिची एक गोष्ट सांगतो. लहान होती ही. दसऱ्याचा सण. माझी सतार हिनं उचलली आणि आपल्या देवाच्या शेजारी नेऊन ठेवली. सरस्वतीच्या शेजारी. घरचे नको म्हणतील म्हणून माझं नाव सांगितलं पोरीनं! त्या दिवशी माझी मैफल राहिली, एक नोकरी राहिली. राहू दे. मी दाराशी उभा राहून पाहिलं, माझ्या सतारीला कुंकू, खुंटीत फूल. मी त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलो नाही. ती गेली. हे मी माझ्या पोरांना सांगतो, नातवांना सांगतो. एवढी इज्जत मला कुठल्या दरबारात मिळाली असती?"

बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. "काय गं बाई संस्कार!" एक म्हणाली. नवऱ्यानं तर मान अशी ताठ केली की जसा तोच माझा बाप. आणि मी, तुम्हाला सांगते, मान कलती केली. वेणी पुढं घेतली. हसले.

"त्या संध्याकाळसाठी मारवा बसवला होता," मास्तर म्हणाले. "आज तोच वाजवतो."

बाहेर उन्हं उतरत होती. रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. मास्तरांनी आलाप सुरू केला आणि पहिल्या मींडेलाच मला कळलं. बोट तार ओढायचं, सूर वर निघायचा, आणि घरात पाऊल ठेवण्याआधी दारातच थांबायचा. दर खेपेला तेवढाच, केसभर. लोक माना डोलावत होते. कुणी उठलं नाही, चहा मागितला नाही, शेवटचा जलद 'झाला' वाजवून संपेपर्यंत वीसच्या वीस माणसं बसून होती. मास्तरांना पुरतं ऐकणारे मिळाले होते. पुरतं वाजवायचं तेवढं मागं राहिलं होतं, आमच्या देवघरात, कुंकू लावलेलं.

त्यांना टांग्यात बसवताना मी त्यांची सतार हातात देऊन तशीच धरून राहिले. "मास्तर, त्या नवमीला मी..."

त्यांनी हात वर केला. "नको अक्का. बोलू नको. पुण्य बोलून दाखवलं की सरतं."

टांगा हलला. मी "अच्छा" म्हटलं की "नमस्कार" म्हटला, आता आठवत नाही.

मास्तर गेले, आप्पा गेले, आजी तर फार आधी गेली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यातलं कुणी उरलं नाही, हे बघूनच मी हे लिहायला घेतलं. माझी हिंमत अशीच आहे, रस्ता रिकामा झाल्यावर बाहेर पडणारी. पुण्य बोललं की सरतं म्हणाले होते मास्तर. म्हटलं, पापालाही तोच नियम असेल. म्हणून हे एकदा लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चष्मा पुसून आत्ता सगळं वाचून पाहिलं.

पाप होतं तेवढंच आहे.